मन म्हणजे मेंदूच का? रविवारी चार टाळकी जमवून तपासायची रीत

दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असतात तेव्हा हा विषय हमखास निघतो. गेलेल्या माणसाचं नेमकं काय गेलं? देह तर तोच होता. मग एक काका आत्म्यावर येतात, त्यांचा इंजिनिअर भाचा म्हणतो मेंदूचा सप्लाय बंद झाला, बाकी काही नाही, तिसरा कुणीतरी क्वांटम काढतो, तेवढ्यात कावळा येतो आणि विषय तिथंच राहतो. आधी ज्याचं जे मत होतं तेच घेऊन सगळे घरी.

खालची पद्धत अशांसाठी आहे ज्यांना हा वाद जरा नीट घालायचाय. शेवटी उत्तर हातात पडणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, पण आपण कशावर भांडतोय ते तरी कळतं, आणि माझ्या मते निम्मं भांडण तिथंच मिटतं.

सामान फार नाही. कागद-पेन, काळ्या मसाल्याची मिसळ (तर्री वेगळी बांधून आणा), दही, एक रबरी हातमोजा, दोन सारखे छोटे ब्रश, पुठ्ठ्याचा खोका (द्राक्षांचा असेल तर उत्तम, आपल्याकडे सीझनला घरोघरी पडलेला असतो), हळद, पानाचा चुना, लिंबू. माणसं चार ते सहा. त्यात आत्मा मनापासून मानणारा एक तरी हवा आणि अजिबात न मानणारा एक तरी हवा, नाहीतर सगळे माना डोलावत बसतात आणि दुपार वाया जाते.

आधी कागदावर रेघ मारा

हे काम कंटाळवाणं वाटेल पण ते टाळू नका. प्रत्येकानं कागदावर मधोमध उभी रेघ मारायची, एका बाजूला लिहायचं जड, दुसऱ्या बाजूला चेतन. मग एकानं शब्द वाचायचे आणि बाकीच्यांनी शेजारच्याचं न बघता ते कुठल्यातरी बाजूला टाकायचे. शरीर, मेंदू, आठवण, राग, बुद्धी, निर्णय घेणं, मीपणा, दुखणं जाणवणं, गाढ झोपेत जे उरतं ते. सगळ्यांचं झालं की कागद मध्ये ठेवा. शरीर आणि मेंदूवर एकमत असतं, त्यापुढे ज्याची रेघ त्याची.

आणि ही काही आपल्याच कट्ट्याची गंमत नाही, मोठमोठ्या लोकांच्या रेघा पण वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त विचार, शंका, निर्णय हे सगळं आत्म्याच्या खात्यात टाकतो आणि शरीर म्हणजे यंत्र म्हणतो. आपल्या सांख्य दर्शनवाल्यांनी भलतंच केलंय, त्यांच्याकडे बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीत, म्हणजे जडाच्या बाजूला, आणि पलीकडे एकटा पुरुष, म्हणजे नुसतं चैतन्य, तोही काही करत नाही, नुसता बघतो.

याचा फरक कुठं पडतो ते सांगतो. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाचा मुकादम होता, सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि एक मीटरहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार गालाखालून शिरून डोक्यातून वर निघून गेली. माणूस वाचला, पुढे अकराएक वर्षं जगला, पण त्याच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय की स्वभाव बदलला, ओळखीचे म्हणायला लागले की हा आता गेज राहिला नाही. ही केस भाचा पुढे करणार आणि म्हणणार बघा, मेंदू फुटला की माणूस बदलतो, झालं सिद्ध. देकार्तच्या बाजूनं बसलेल्याला हे खरंच लागतं. पण सांख्यवाला शांतपणे म्हणेल, अरे स्वभाव, बुद्धी हे जडच आहे हे आम्ही कधीचं सांगतोय, त्यात काय नवीन. म्हणजे तोच पुरावा एकाला लागतो आणि दुसऱ्याला शिवतसुद्धा नाही, आणि हे कागदावर आधी लिहिलं नसेल तर दोन तास ओरडून पण कळत नाही.

अडचण मात्र दोघांनाही एकच आहे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये देकार्तला पत्रात विचारलं की आत्म्याला जर आकार नाही, स्पर्श नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा? त्याला धड उत्तर देता आलं नाही. सांख्यांना शंकराचार्यांनी असंच धरलं. सांख्य म्हणतात की प्रकृती आंधळी आणि पुरुष पांगळा, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघं मिळून वाट काढतात. त्यावर आचार्यांचा सवाल असा की पांगळा निदान तोंडानं वाट सांगतो, तुमचा पुरुष तर काहीच करत नाही, मग तो चालवतो कसा? हा प्रश्न चेतन बाजूवाल्यांना विचारायचाच, सोडायचं नाही.

बाकीच्या बाजू समजून घ्यायला नाशिककरांना पुस्तक लागतच नाही खरं तर. हायवेला पांडवलेणी आहेत, ती बौद्ध, तिथं राहिलेल्या भिक्खूंची शिकवण अशी की कायमचा मी असा कुठं नाहीच, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांचा जुडगा आहे आणि तो सतत बदलतोय. म्हसरूळला गजपंथ, ते जैनांचं, त्यांच्याकडे माती-पाण्यात पण जीव आहे, एकेंद्रिय का होईना, आणि जीव ज्या देहात जातो त्या देहाएवढा होतो. त्र्यंबकला निवृत्तीनाथांची समाधी, तिथं सगळं विश्वच चैतन्याचा विलास. देहावेगळा आत्मा नाहीच म्हणणाऱ्या चार्वाकाचं देऊळ कुठंच नाही, पण त्याच्याकडे आपण परत येणारोय.

मिसळ, पण जरा सावकाश

आता खायला घ्या. आधी प्रत्येकानं एक चमचा दही, मग नुसती तर्री एक चमचा, आणि मिनिटभर पाणी नाही. जिभेवर आग आग होते तेव्हा एकमेकांना विचारायचं, जीभ खरंच गरम झालीये का? तर्री आधी कोमट करून घेतली तर जास्त मजा येते. कुणाकडे किचनचा थर्मामीटर असेल तर लावून बघा, तापमान काही वाढलेलं नसतं.

मिरचीत कॅप्सेसिन असतं. आपल्या नसांच्या टोकाला एक रिसेप्टर असतो, टीआरपीव्ही-१ नाव त्याचं, तो साधारण ४३ डिग्रीच्या वर उष्णता गेली की उघडतो आणि मेंदूला कळवतो की भाजतंय. कॅप्सेसिन त्याच रिसेप्टरला चिकटून त्याला थंडपणीच उघडतं. डेव्हिड ज्युलियसच्या टीमनं हे १९९७ मध्ये शोधलं, २०२१ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे आपण तिखट लागलं की 'आग झाली' म्हणतो ते नसांच्या हिशोबानं शब्दशः बरोबर आहे. आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी पिऊन उपयोग नाही, दही घ्या.

आता महत्त्वाचं. कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने करा. पहिल्यात लिहा काय घडलं, म्हणजे रेणू, रिसेप्टर, नस, मेंदू. दुसऱ्यात तुम्ही काय केलंत, हाय-हुय, डोळ्यात पाणी, दह्याकडे हात. तिसऱ्यात ते कसं वाटलं. पहिले दोन रकाने भरत जातात, त्यात काही अडत नाही, आणि एखादं मशीन बनवून त्याला कॅप्सेसिन लागलं की दही मागायला लावणं हेही जमेल. तिसरा रकाना बघा, तिथं लोक लिहितात 'जळजळ' आणि पेन थांबतं, आणि हा सिग्नल जळजळीसारखाच का वाटावा, थंड का नाही, किंवा काही वाटल्याशिवायच हात दह्याकडे का जाऊ नये, याला पहिल्या दोन रकान्यात उत्तर सापडत नाही. डेव्हिड चाल्मर्स नावाचा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ आहे, त्यानं १९९५ मध्ये याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं, बाकीचे म्हणजे लक्ष कसं देतो, आठवतं कसं, झोपेतून जागं कसं होतो वगैरे 'सोपे', सोपे म्हणजे शंभर वर्षं लागतील पण रस्ता माहितीये असे.

इथून पुढे प्रत्येक प्रयोगाला हेच तीन रकाने भरायचे. कुणी वाद घालताना दुसऱ्या रकान्यातला मुद्दा तिसऱ्याचा म्हणून खपवायला लागला की थांबवायचं.

डोळ्यातलं भोक

हा दोन मिनिटांचा. कागदावर आठेक सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा बंद, उजव्या डोळ्यानं फुलीकडेच बघायचं आणि कागद पुढे-मागे करायचा, साधारण फूटभर अंतरावर ठिपका गायब होतो. डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पण गंमत ठिपका जातो यात नाहीये, तिथं भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो, यात आहे. मला दिसतंय ते जसंच्या तसं बाहेर आहे, ही खात्री मोडायला एवढं पुरे.

रबरी हात

याला वेळ द्या, सगळ्यात जास्त हसू आणि सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी हा प्रयोग नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला, पानभराचासुद्धा लेख नव्हता.

हातमोज्यात कापूस किंवा रवा भरून हातासारखा फुगवा. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्यानं टेबलावर दोन्ही हात ठेवायचे, डावा हात खोक्याच्या आड, त्याला दिसता कामा नये. दिसेल असा, खऱ्या हाताच्याच दिशेला बोटं करून रबरी हात ठेवा आणि त्याच्या मनगटापासून माणसाच्या खांद्यापर्यंत टॉवेल टाका म्हणजे हात त्याचाच वाटतो. आता समोर बसणाऱ्यानं दोन ब्रश घेऊन खऱ्या आणि रबरी हातावर एकाच वेळी, एकाच बोटावर, एकाच दिशेनं फिरवायचं. ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्यानं नजर रबरी हातावरच ठेवायची. मिनिट-दोन मिनिटांत बऱ्याच जणांना ब्रश रबरी हातालाच लागतोय असं वाटायला लागतं, काहींना अजिबात वाटत नाही, तेही चालतं, जबरदस्ती करू नका.

मग सांगा, डोळे मिटून उजव्या बोटानं टेबलावर दाखव तुझा डावा हात कुठंय. बोट रबरी हाताच्या बाजूला सरकलेलं सापडतं. शेवटी अचानक रबरी हातावर चापट मारा (हातोडी वगैरे आणू नका, खरा हात बाजूलाच आहे), माणूस दचकतो.

आणि हा भाग लोक गाळतात तो गाळू नका, परत सगळं करा पण या वेळी दोन्ही ब्रश मुद्दाम मागे-पुढे फिरवा, ताल चुकवून. भास होत नाही किंवा फार कमी होतो. हे केलं नाही तर 'मनाचे खेळ' म्हणून कुणीही उडवून लावेल, हे केलं की कळतं की डोळ्याचा आणि त्वचेचा हिशोब एकाच वेळी जुळला की मेंदू 'माझं' असा शिक्का मारतो. 'हा हात माझा' हे वाटणंसुद्धा बनवलेलं असतं, दोन मिनिटांत हलवता येतं.

इथं भाचा खूश होणार. त्याला एवढंच विचारायचं, 'माझं' म्हणून काय वाटतं ते हललं, पण ज्याला वाटतं तो हलला का? आणि काकांना विचारायचं, तुमचा मीपणा कुठल्या बाजूला लिहिला होता ते परत बघा. पांडवलेण्यांतल्या भिक्खूंना हा प्रयोग आवडला असता असं मला उगाच वाटत राहतं.

हळद, चुना आणि चार्वाक

चार्वाकांचा मुद्दा असा होता की चार भूतांत, म्हणजे माती, पाणी, अग्नी, वाऱ्यात, कुठंच चैतन्य नसलं तरी ती एकत्र आली की उपजतं, जसं विड्यात पान, सुपारी, चुना यातलं काहीच लाल नाही पण तोंड लाल होतं. दुसरा दाखला दारूचा, किण्वात, म्हणजे आंबवायच्या सामानात, नशा नाही पण आंबवलं की येते. दिंडोरीकडे द्राक्षाचे मळे आणि वायनऱ्या बघून वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

बशीत चमचाभर हळद पाण्यात कालवा, चिमूटभर चुना टाका. लाल. आता लिंबू पिळा, परत पिवळी. कुंकू घरी करायच्या त्या काळात आजीला हे माहिती होतंच. केमिस्ट्रीवाला सांगेल की चुन्याच्या अल्कलीत कर्क्युमिनच्या रेणूची रचना बदलते आणि तो प्रकाशातल्या वेगळ्या लहरी शोषतो. रेणू नीट माहीत असेल तर न बघता सांगता येईल की आता कुठल्या लहरी परत येणार.

आता विचारा की मेंदूतल्या ८,६०० कोटी पेशींपैकी एकूणएक पेशी माहीत असेल, तर त्यावरून आधी सांगता येईल का की इथं दुखणं *जाणवतंय*? आणि याहून खोल गोम म्हणजे रसायनशास्त्रानं फक्त लहरी सांगितल्या, लाल कुणाला दिसलं? आपल्याला. म्हणजे चार्वाकाच्या दाखल्यात बघणारा आधीच येऊन बसलाय, ज्याला सिद्ध करायचं तोच साक्षीला. मला तरी या सगळ्या वादातली ही सगळ्यात सुंदर जागा वाटते, त्यामुळे इथं घाई करू नका, चहा टाका.

चार्वाकाच्या बाजूनंही एक भारी उत्तर आहे आणि ते दारूतूनच येतं. आंबवणं हे फक्त जिवंत पेशीच करू शकते असं पाश्चर म्हणायचा. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनरनं यीस्ट वाटून, पिळून, नुसत्या रसानं साखर आंबवून दाखवली, पेशी जिवंत नसताना. १९०७ ला नोबेल मिळालं. 'जीवशक्ती' म्हणून वेगळी गोष्ट मानायची गरज हळूहळू संपली. मग आज तिसरा रकाना रिकामा आहे म्हणून तो कायम रिकामाच राहील हे कशावरून? यावर समोरचा म्हणेल की आंबवण्यात तिसरा रकाना नव्हताच. हा वाद खरा आहे, तो होऊ द्या.

ऑपरेशन झालेल्या मावशीला विचारा

भुलीचा प्रयोग घरी करायचा नाही हे सांगायला नको, पण प्रत्येक घरात ऑपरेशन झालेलं कुणीतरी असतंच. दोन प्रश्न विचारायचे. कंबरेत इंजेक्शन दिलं होतं का पूर्ण झोपवलं होतं? कंबरेतलं असेल तर पाय गेलेले असतात, मी शाबूत असतो, डॉक्टरांच्या गप्पा ऐकू येतात. पूर्ण भूल असेल तर विचारा, मधे वेळ गेल्यासारखं वाटलं का? गाढ झोपेतून उठल्यावर 'बराच वेळ झोपलो' असं वाटतं, भुलीनंतर बरेच जण सांगतात की आकडे मोजत होतो आणि पुढच्या क्षणी रिकव्हरीत होतो. वेदांतवाले 'सुखानं झोपलो, काही कळलं नाही' या आठवणीवरून गाढ झोपेतही साक्षी असतो असं म्हणतात, मग भुलीचं काय, हे काकांना विचारा. त्यांच्याकडे उत्तर असेल, साक्षी होता पण आठवण ठेवणारं मन बंद होतं, आणि हे उत्तर खोडता येत नाही. खोडता येत नाही म्हणजे बरोबर असं नाही, हेही त्यांना सांगा.

इथंच दोन गोष्टी भाच्यासाठी. ८,६०० कोटींपैकी साधारण ६,९०० कोटी पेशी मागच्या छोट्या मेंदूत असतात, आणि जन्मापासून तो भाग नसलेली माणसं आहेत, चालायला-बोलायला त्रास होतो पण भान शाबूत. तेव्हा पेशी भरपूर असल्या की भान येतं असं नाही, त्या कशा जोडल्यात यावर काहीतरी आहे. दुसरं, २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या टीमनं अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं की टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, आणि मेंदूतला हालचालींचं नियोजन करणारा भाग धडधाकट माणसासारखाच उजळला. दुसरा रकाना पूर्ण रिकामा, आणि आत कुणीतरी होतं. आयसीयूत आपलं माणूस असेल तर त्याच्या उशाशी काय बोलायचं याचा विचार या एका गोष्टीनं बदलतो.

ठरलेले अडथळे

क्वांटम निघणारच. निघालं की विचारा, बघणाऱ्यामुळे निकाल ठरतो म्हणता, तर तो 'निरीक्षक' म्हणजे काय? तिथं मोजणारं यंत्र पुरतं, माणसाचं मन लागत नाही. पेनरोज आणि हॅमरॉफ यांनी पेशींतल्या सूक्ष्मनलिकांतल्या क्वांटम क्रियेतून भान येतं अशी एक गंभीर मांडणी केलीये, टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञानं २००० मध्ये गणित करून सांगितलं की मेंदूच्या ऊबेत तसली क्वांटम अवस्था निमिषार्धही टिकणार नाही. ज्याला हे वाचायचंय त्यानं वाचावं, बाकीच्यांनी क्वांटम शब्द पुढचा तासभर वापरायचा नाही असा नियम करा.

कुणीतरी लिबेटचा प्रयोग काढेल, १९८३ चा, बोट हलवायचं ठरवल्याची जाणीव व्हायच्या साधारण तीन दशांश सेकंद आधीच मेंदूत तयारी दिसते, म्हणून इच्छा वगैरे झूट. २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो चढ म्हणजे मेंदूतली आपोआपची खळबळ असू शकते, निर्णय नव्हे. पुढे चला.

पोरं एआय काढतील. त्याला तिसरा रकाना आहे का? त्यांच्याकडूनच भरून घ्या, काय लिहितात बघा. मग शेजारच्या माणसाला तिसरा रकाना आहे हे तुला कसं कळलं, तेही विचारा.

शेवटी पैज

१९९८ मध्ये जर्मनीत ब्रेमेनला मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यानं चाल्मर्सशी पैज लावली की २५ वर्षांत भानाची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल, हरला तर उंची वाइनची पेटी. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर परिषदेत कॉखनं हार मानली आणि वाइन दिली. त्याच परिषदेत भानाच्या दोन मोठ्या थिअरींना समोरासमोर तपासणाऱ्या प्रयोगाचे आकडे आले, दोघींना थोडे गुण, थोडे फटके.

तुम्ही पण लावा, वाइन तर आपल्या गावचीच आहे. फक्त अट नीट लिहा. 'आत्मा सिद्ध होईल' किंवा 'विज्ञान सगळं सांगेल' असली अट चालत नाही, ती कुणालाच हरवत नाही. 'अमुक सालापर्यंत नुसतं मेंदूचं स्कॅन बघून, न बोलणाऱ्या पेशंटला भान आहे की नाही हे डॉक्टर नेहमीच्या तपासणीत सांगायला लागतील' ही अट चालते, कारण त्या साली हॉस्पिटलात जाऊन विचारता येईल. ही पैज पहिल्या दोन रकान्यांची आहे हे तिच्याखालीच लिहून ठेवा, नाहीतर जिंकणारा तिसऱ्याचंही बक्षीस मागेल. सगळ्यांच्या सह्या घ्या, फोटो ग्रुपवर टाका, आणि मूळ कागद ग्रुपमधल्या सगळ्यात तरुण माणसाकडे द्या.